समुद्र चढतो आहे

जव्हार डोंगरावर आहे. समुद्राच्या पाण्यापासून मोजलं तर सुमारे दीड हजार फूट उंच. मोखाडाही तसाच डोंगरातला. मग इथल्या माणसाने समुद्राची गोष्ट कशाला वाचायची? आपल्या खाचरात समुद्राचं पाणी शिरणार नाही. आपल्या नागलीला खारं पाणी लागणार नाही. हे खरं आहे.

पण भात झोडून झाला, दिवाळी सरली, की आपल्यातली किती माणसं डोंगर उतरतात ते आठवा. कोणी वसईला जातो, कोणी विरारला, कोणी पालघर-बोईसरला, कोणी भिवंडीला. वीटभट्टी, मिठागर, रेतीबंदर, इमारतीचं काम. मुलंबाळं आणि भांडीकुंडी घेऊन माणसं जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. काही कुटुंबं तर तिथेच राहून गेली आहेत. ही माणसं ज्या जागी झोपडी बांधतात ती जागा कशी असते? बहुधा खाडीच्या काठची, सखल, दुसऱ्या कोणाला नको असलेली. समुद्राचं पाणी चढलं, तर आधी त्याच जागेवर येतं.

आणि आपल्या बाजारात सुके बोंबील, सुकट, जवळा कुठून येतो? त्याच किनाऱ्यावरून. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा डोंगर आणि किनारा दोन्ही त्यात आले. म्हणून ही गोष्ट आपलीही आहे.

पाणी किती चढलं?

समुद्र रोज चढतो आणि रोज उतरतो. त्याला आपण भरती-ओहोटी म्हणतो. दिवसरात्रीत दोन वेळा भरती येते, दोन वेळा ओहोटी लागते. मुंबईला मोठ्या उधाणाची भरती सोळा फुटांच्या आसपास जाते. मग समुद्र चढला असं म्हणायचं कसं? पाणी तर सतत खालीवर होत असतं.

त्यासाठी मोजणी करावी लागते. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ सालापासून समुद्राच्या पाण्याची उंची नोंदली जाते आहे. पाण्यात एक उभी नळी बसवतात. नळीत लाटा शिरत नाहीत, पण पाणी शिरतं. त्या पाण्यावर एक तरंगणारी वस्तू सोडतात. ती वर गेली की भरती, खाली आली की ओहोटी. वर्षभराच्या नोंदी एकत्र करायच्या आणि सरासरी काढायची. अशी वर्षामागून वर्षं मांडली की पाणी चढतं आहे की उतरतं आहे ते दिसतं. जगातल्या अनेक बंदरांवर अशा नोंदी आहेत. १९९३ पासून आकाशातल्या उपग्रहांवरूनही समुद्राची उंची मोजतात.

या सगळ्या नोंदींचा हिशेब शास्त्रज्ञांनी २०२१ साली जगापुढे ठेवला. १९०१ ते २०१८ या काळात जगातला समुद्र सरासरी २० सेंटीमीटर चढला. २० सेंटीमीटर म्हणजे एक वीतसुद्धा पुरती नाही. पण चढण्याचा वेग वाढला आहे. आधी वर्षाला सव्वा मिलिमीटर चढत होता. आता वर्षाला पावणेचार मिलिमीटरच्या जवळ चढतो. तांदळाचे दोन दाणे आडवे करून एकावर एक ठेवा. तेवढा एका वर्षात.

तुम्ही म्हणाल, दोन दाण्यांनी काय होतंय? थांबा, त्याकडे येऊच. आधी पाणी का चढतं ते पाहू.

तापलेलं पाणी फुगतं

एक टोप घ्या. थंड पाण्याने काठोकाठ भरा. चुलीवर ठेवा. पाण्याला उकळी फुटायच्या आधीच थोडं पाणी काठावरून ओघळतं. तुम्ही वरून थेंबभरही पाणी ओतलेलं नसतं. मग ते जास्तीचं आलं कुठून? पाणी तापलं आणि फुगलं. समुद्राचंही तसंच होतं. तो काही उकळत नाही. अगदी थोडासाच तापतो. पण समुद्र केवढा मोठा, केवढा खोल! थोडासा फुगला तरी काठावर कळतं. गेल्या पन्नास वर्षांत समुद्र जेवढा चढला, त्यातला निम्मा या फुगण्यामुळे चढला.

उरलेला बहुतेक बर्फामुळे. हिमालयात बर्फाचे डोंगर आहेत हे तुम्ही ऐकलं असेल. त्याहून फार मोठा बर्फ पृथ्वीच्या दोन टोकांना आहे. उत्तरेला ग्रीनलंड नावाचं बेट आहे. त्याच्यावरच्या बर्फाखाली पाच महाराष्ट्र झाकले जातील. काही ठिकाणी तो बर्फ तीन किलोमीटर जाड आहे. दक्षिण टोकाचा तर त्याहूनही कितीतरी जास्त. हा बर्फ जमिनीवर बसलेला आहे. तो वितळला की पाणी समुद्रात येतं आणि समुद्र वाढतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती ध्यानात घेण्यासारखी आहे. सरबताच्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगत असतो. तो विरघळला म्हणून पेला सांडत नाही. कारण तो आधीच पाण्यात होता. समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाचंही असंच. पण पेल्याबाहेरचा खडा तुम्ही पेल्यात टाकलात, तर पाणी चढणार. ग्रीनलंडचा बर्फ हा असा बाहेरचा खडा आहे. तो सगळा वितळायला शेकडो, हजारो वर्षं लागतील. सगळाच वितळला तर समुद्र सुमारे तेवीस फूट चढेल. आज त्यातला थोडाथोडा वितळतो आहे.

मग पृथ्वी तापली कशाने? थंडीत आपण गोधडी पांघरतो. गोधडी स्वतः काही ऊब तयार करत नाही. आपल्या अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. पृथ्वीभोवती हवेची अशीच गोधडी आहे. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू असतो. आपण त्याला कर्बवायू म्हणू. तो ऊब अडवतो. दगडी कोळसा जाळला, पेट्रोल-डिझेल जाळलं, की हा वायू हवेत जातो. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कर्बवायूचे २८० भाग होते. आता ४२० च्या वर गेले आहेत. गोधडी जाड झाली.

यात दोष कोणाचा, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोखाड्यातल्या बाईने चूल पेटवली म्हणून समुद्र चढला, असं कोणी म्हणालं तर मानू नका. लाकूड जळतं, पण जंगल राखलं तर नवं झाड वाढतं आणि तो वायू परत ओढून घेतं. जमिनीखालचा कोळसा आणि तेल जाळलं की तो वायू नव्याने हवेत येतो. आज अमेरिकेतला एक माणूस भारतातल्या माणसाच्या सुमारे सात पट कर्बवायू हवेत सोडतो. ही भारताची सरासरी आहे. त्यात मुंबईचे बंगलेवालेही आले आणि ज्याच्या घरी एकच दिवा आहे तोही आला. डोंगरातल्या माणसाचा वाटा काढला तर फारच थोडा निघेल. पाणी मात्र वाटा पाहून घरात शिरत नाही.

एका विताने काय होतं?

आता त्या दोन दाण्यांकडे येऊ.

वरकस जमिनीचा उतार डोळ्यांपुढे आणा, जिथे आपण वरई लावतो. त्या उताराच्या पायथ्याशी पाणी आहे असं समजा. पाणी एक वीत चढलं, तर उतारावर दोन पावलंही पुढे येणार नाही. आता भाताचं खाचर डोळ्यांपुढे आणा. सपाट जमीन. तिथे पाणी एक वीत चढलं, तर सगळं खाचर पाण्याखाली जातं आणि बांध ओलांडून पलीकडच्या खाचरात जातं. आपला किनारा जागोजाग खाचरासारखा सपाट आहे. शंभर फुटांत एक फूट उतार असेल, तर एक वीत पाणी चढल्यावर ते शंभर वितींनी आत येतं.

दुसरं असं, की रोजच्या साध्या भरतीला काही होत नाही. लोक तिला ओळखून घर बांधतात. घात होतो तो उधाणाच्या दिवशी. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, त्यात पावसाळ्याचा वारा, त्यात वादळ. आधी ज्या लाटेचं टोक बंधाऱ्याच्या माथ्याखाली एक वीत राहत होतं, तेच टोक आता माथ्यावरून जातं. एक वीत म्हणजे थोडंच, पण नेमकं तेवढंच अंतर मोकळं राहिलेलं होतं.

आणि वादळंही वाढली. अरबी समुद्र पूर्वी बंगालच्या उपसागराच्या मानाने शांत समजला जाई. तो तापू लागला आणि त्यात जोरदार वादळं जास्त होऊ लागली. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावरून गुजरातकडे गेलं. मुंबईजवळ भर समुद्रात कामगारांचा एक तराफा बुडाला. सत्तरहून जास्त माणसं गेली. पोटासाठी दूर देशाहून आलेली माणसं होती ती.

सातपाटीचा बंधारा

पालघर स्टेशनवरून पश्चिमेला गेलं की सातपाटी लागतं. मच्छीमारांचं मोठं गाव. इथलं पापलेट नावाजलेलं. २०२३ साली सरकारने पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा ठरवलं, त्यासाठी सातपाटीच्या मच्छीमारांनीच मागणी लावून धरली होती.

हे गाव समुद्राला अगदी लागून आहे. घरांच्या आणि पाण्याच्या मध्ये दगडांचा बंधारा घातला आहे. सरकारी कागदात त्याला धूपप्रतिबंधक बंधारा म्हणतात. धूप म्हणजे जमीन झिजणं. आपल्याकडे पहिल्या पावसात उताराची माती वाहून जाते, तिलाही धूपच म्हणतात. तिथे लाट वाळू ओढून नेते. पावसाळ्यातल्या उधाणात हा बंधारा जागोजाग खचतो, आणि पाणी घरांत शिरल्याच्या घटना पुन्हा पुन्हा घडल्या आहेत. मग डागडुजी होते. पुन्हा पावसाळा येतो.

बंधारा नको असं तिथला कोणी म्हणणार नाही. पाठीशी घर असलं की माणूस दगडच मागणार. पण बंधाऱ्याचा एक दोष आहे. लाट दगडावर आपटते आणि परत जाताना पायथ्याची वाळू घेऊन जाते. पायथा पोकळ होतो, दगड खाली बसतात. शिवाय बंधारा जिथे संपतो तिथे लाटेचा मारा जास्त होतो. एका गावाने बंधारा बांधला की शेजारचं गाव म्हणतं, आता आमची वाळू चालली. असे तंटे किनाऱ्यावर नवे नाहीत.

आणि सगळा दोष चढत्या समुद्राच्या माथी मारणंही बरं नाही. किनाऱ्यावर वाळू येते कुठून? बरीचशी नद्या आणून टाकतात. वैतरणा त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावते, मोखाड्याच्या हद्दीतून जाते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. डोंगरातली माती आणि रेती ती खाली नेई. आता वैतरणेवर एकाखाली एक धरणं आहेत. मोडकसागर १९५७ चं. मधल्या वैतरणेचं धरण २०१४ चं, ते मोखाडा तालुक्यातच कोचाळ्याजवळ आहे. पाणी नळाने मुंबईला जातं. गाळ आणि रेती धरणात बसते. जी थोडी रेती खाडीपर्यंत पोहोचते, ती सक्शन पंपाने, बोटीने उपसून इमारतींना जाते. मग किनाऱ्याच्या वाट्याला काय उरणार? एकीकडून समुद्र चढतो आणि दुसरीकडून वाळू येणं कमी होतं. किनारा दोन्हीकडून खचतो.

धरणाचा आणखी एक परिणाम आहे. नदीचं गोडं पाणी खाडीतल्या खाऱ्या पाण्याला रेटून धरतं. नदीचा जोर कमी झाला की खारं पाणी खाडीतून वर सरकतं. जमिनीखालीही असंच असतं. किनाऱ्याच्या विहिरीत गोडं पाणी वर आणि खारं पाणी खाली, असे थर असतात. गोडं पाणी पंपाने फार उपसलं की खालचं खारं वर येतं. समुद्र चढला की ते आणखी आत सरकतं. मग विहीर भरलेली दिसते, पण पाणी तोंडात धरवत नाही. मोखाड्यात उन्हाळ्यात बायका कोरड्या विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. किनाऱ्यावरच्या बाईची विहीर भरलेली असूनही हंडा रिकामा राहतो.

खाजणातलं भातही असंच. खाडीच्या काठी बांध घालून लोकांनी खाऱ्या पाण्यातून जमीन काढली. बांधाला उघाडी ठेवतात. ओहोटीला ती उघडायची, पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं. भरतीला बंद करायची, खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही. या जमिनींसाठी १९४८ साली मुंबई राज्याने कायदा केला, पुढे १९७९ साली महाराष्ट्राने नवा केला. बांधाला भगदाड पडलं आणि खारं पाणी एकदा शिरलं, की मीठ धुऊन जायला काही पावसाळे जातात. तोवर शेत पडीक.

तिवराचं झाड

खाडीच्या चिखलात तिवराची झाडं असतात. दिसायला काही खास नाही. चिखलातून त्यांची मुळं बोटांसारखी वर आलेली असतात, त्यांतून झाड श्वास घेतं. लाट या मुळांत शिरली की तिचा जोर मोडतो. पाण्यातला गाळ मुळांपाशी बसतो आणि जमीन हळूहळू उंच होते. माशांची आणि कोळंबीची पिल्लंही तिथेच वाढतात. दगडाचा बंधारा वर्षागणिक खचतो, तिवराचं रान वर्षागणिक वाढतं. वाळूच्या मोकळ्या किनाऱ्यावर मात्र तिवर उगवत नाही, तेव्हा सातपाटीच्या दर्याकडच्या बाजूला त्याचा उपयोग नाही. खाडीच्या बाजूला आहे.

मुंबईच्या उच्च न्यायालयाने २००५ साली तिवर तोडायला मनाई केली आणि २०१८ साली ती पक्की केली. तरी रात्रीतून भराव पडतात. भराव टाकणारा मालक वेगळा असतो आणि पाटी उचलणारा वेगळा. पकडला जातो तो पाटी उचलणारा, हे ध्यानात ठेवलेलं बरं. कामाला जाल तिथे तिवर तोडायला किंवा त्यावर माती टाकायला सांगितलं, तर तो गुन्हा आहे.

गाव उठलं तर?

ओडिशात सातभाया नावाचं गाव होतं. सातभाया म्हणजे सात भाऊ. सात गावांचा तो झुबका होता. एकेक करून गावं समुद्रात गेली. शेवटी २०१८ साली उरलेली ५७१ कुटुंबं सरकारने आत बागपतिया इथे नेऊन वसवली. घराला जागा मिळाली. पण शेती मागे राहिली, मासेमारी मागे राहिली. गावातले कित्येक तरुण आता मजुरीला लांब केरळात जातात. डोंगर उतरणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

धरणात गाव गेलं तर मोजणी होते, नोटीस येते, कोणापुढे तरी भांडता येतं. आपल्या जिल्ह्यातल्या धरणग्रस्तांनी असं वर्षानुवर्षं भांडून पाहिलं आहे. समुद्राने गाव नेलं तर नोटीस कोण देणार? जमीन पाण्यात जाते आणि सातबारा कागदावर तसाच राहतो. ज्यांच्या घराखालच्या जागेचा कागदच नाही, त्यांची नोंद कुठेच होत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी नदी आणि समुद्राच्या धुपीने उठलेल्या माणसांच्या पुनर्वसनाकरिता सगळ्या देशासाठी एक हजार कोटी रुपये सुचवले. धुपीने गेलेल्या घराचाही हिशेब सरकारने करायचा, हे त्यात पहिल्यांदा आलं. पण हिशेबात यायला नाव लागतं. हंगामापुरत्या बांधलेल्या झोपडीचं नाव कोणत्या यादीत असतं?

शास्त्रज्ञांचा पुढचा अंदाज असा आहे. कोळसा-तेल जाळणं जगाने झपाट्याने कमी केलं, तरी २१०० सालापर्यंत समुद्र आणखी एक ते पावणेदोन फूट चढेल. फार जाळत राहिलं तर दोन ते सव्वातीन फूट. आज जन्मलेलं मूल तेव्हा म्हातारं झालेलं असेल.

खाडीकाठी राहायला जाल तेव्हा

जुलै २०१८ मध्ये वसईला जोराचा पाऊस झाला. मिठागराच्या वस्तीला पाण्याने वेढा घातला. शेकडो माणसं अडकली. वस्ती सखल, पाणी निघायला वाट नाही, आणि भरतीच्या वेळी खाडी पाणी घेत नाही. पाऊस वरून आणि भरती खालून, अशी दोन्ही एकत्र आली की असं होतं.

म्हणून भरतीची वेळ ओळखता आली पाहिजे. कोळी लोकांचा हिशेब सोपा आहे. आजची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. आज चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा वाजता. द्वादशीला नऊ वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा मुंबईकडचा हिशेब आहे. डहाणूकडे भरती थोडी उशिरा येते, खाडीत आत गेलं की आणखी उशिरा. पहिले दोन दिवस स्वतः पाहून किती फरक पडतो ते ठरवायचं.

अष्टमीच्या आसपास भरती लहान असते, तिला भांगाची भरती म्हणतात. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन दिवस उधाणाचे. झोपडी बांधण्याआधी जमिनीकडे पाहा. भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर चिखलाची रेघ दिसली, तर पाणी तिथवर येऊन गेलं आहे. जमिनीवर मिठाची पांढरी बुरशी दिसली, तरी तेच. तिथल्या जुन्या माणसाला विचारा, मुकादमाला विचारून उपयोग नाही. उधाणाच्या दिवसांत रेशनकार्ड, आधार, मुलांचे शाळेचे दाखले प्लास्टिकच्या पिशवीत घालून आढ्याला टांगा. वाट कोणत्या बाजूला उंच जाते ते दिवसा चालून पाहून ठेवा आणि मुलांनाही दाखवा. पाणी वाढू लागलं तर जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा फोन १०७७ आहे. ११२ लाही फोन लागतो.